धावफलकातला पूर्वज

रत्नागिरी जिल्ह्यातील पालवण हे गाव क्रिकेटच्या जुन्या नोंदींत पोहोचले आहे, पण तिथे त्याचे एकच अक्षर उरले आहे. ‘पी. बाळू’ या नावातला ‘पी’ म्हणजे पालवणकर, आणि पालवणकर म्हणजे मूळचे पालवणचे. बाळू पालवणकर हे विसाव्या शतकाच्या आरंभीचे भारतातले सर्वांत प्रभावी डावखुरे फिरकी गोलंदाज. त्यांचा जन्म १८७६ मध्ये धारवाडला झाला, बालपण पुण्यात गेले, नाव मुंबईत झाले आणि गाव राहिले ते आडनावात. वडील लष्करात नोकरीला, घर चांभार समाजाचे. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चारही भाऊ हिंदू संघाकडून वरच्या दर्जाचे क्रिकेट खेळले. पूर्वजाच्या खेळाचा माग कसा काढावा, तो कुठे लागतो आणि कुठे तुटतो, हे समजून घ्यायला मराठीत या घराण्याइतके चांगले उदाहरण नाही.

शोधातली पहिली अडचण नावाचीच असते. चारही भावांची नावे धावफलकात पी. बाळू, पी. शिवराम, पी. गणपत, पी. विठ्ठल अशी आली. आडनावाचे आद्याक्षर पुढे आणि स्वतःचे नाव मागे, म्हणजे इंग्रजी रीतीच्या नेमके उलट. नोंद ठेवणाऱ्याला ‘बाळू’ हे आडनाव वाटले असावे, किंवा मैदानावर ज्या नावाने हाक मारत तेच वहीत उतरले असावे. आजच्या संगणकीय सूच्यांतही ते ‘पालवणकर बाळू’ असेच सापडतात. परिणाम असा की जुन्या इंग्रजी वृत्तपत्रात ‘पालवणकर’ शोधणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही, आणि ‘बाळू’ शोधणाऱ्याला गोलंदाज सापडतो. त्यातही ‘बाळू’चे इंग्रजी रूप कधी शेवटी दोन ‘ओ’ घालून लिहिलेले दिसते, तर कधी एका ‘यू’ने. कोकणी घराण्यांत ही अडचण दुहेरी होते. ‘कर’ लावून गावावरून घेतलेले आडनाव, त्याआधीचे मूळ उपनाव, आणि मुंबईत गेल्यावर नोकरीच्या कागदावर वडिलांच्या नावालाच मिळालेला आडनावाचा मान, अशी एकाच माणसाची तीन नावे तीन ठिकाणी असू शकतात. म्हणून शोध सुरू करण्याआधी पूर्वजाच्या नावाची सगळी संभाव्य रूपे, देवनागरीत आणि इंग्रजीत, एका कागदावर उतरवून घ्यावीत. या एका कागदाने पुढची बरीच वणवण वाचते.

ती रूपे बहुधा घरच्याच कागदांत मिळतात. जात पडताळणीच्या निमित्ताने कोकणातल्या असंख्य कुटुंबांनी हे कागद एकदा हाताळलेले आहेत: शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरमधला उतारा, जुना गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक यातली जन्म-मृत्यूची नोंद. तेव्हा शोध जातीचा होता म्हणून तेवढाच रकाना वाचला गेला. खेळाडूचा शोध घेणाऱ्याने त्याच कागदावर जन्मसाल, शाळा, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण वाचावे. कोणत्या वर्षी मुलगा गावातून उठून मुंबईला किंवा पुण्याला गेला, हे त्यातून कळते, आणि सामन्यांच्या नोंदी कोणत्या शहरात व कोणत्या सालापासून धुंडाळायच्या ते ठरते. एक गोष्ट विसरू नये. १ मे १९८१ पर्यंत आजचा सिंधुदुर्ग हा रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होता. जुन्या कागदावर ‘जिल्हा रत्नागिरी’ दिसले म्हणून गाव राजापूर-लांज्याकडचेच असेल असे नाही, ते मालवण-वेंगुर्ल्याकडचेही असू शकते.

माणूस आणि शहर हाती आले की प्रश्न येतो संघाचा. इथे इतर देशांत पडलेल्या वाटा आपल्याकडे थेट उपयोगी पडत नाहीत. आयर्लंडमध्ये १८८४ साली स्थापन झालेल्या गेलिक खेळांच्या संघटनेचे क्लब चर्चच्या परगण्याप्रमाणे, म्हणजे जवळजवळ गावाप्रमाणे बांधलेले आहेत. तिथल्या १९०१ आणि १९११ च्या जनगणनेची घरोघरची पत्रके राष्ट्रीय अभिलेखागाराने सर्वांना विनामूल्य खुली केली आहेत. आयरिश माणूस पणजोबांचे घर जनगणनेत शोधतो, घरावरून परगणा आणि परगण्यावरून क्लब ओळखतो, आणि मग स्थानिक वृत्तपत्रात सामना पाहतो. मुंबईत क्लब गावावर उभे नव्हते, ते धर्मावर आणि वंशावर उभे होते. बॉम्बे जिमखाना १८७५ चा आणि युरोपियनांचा, पारशी जिमखाना १८८५ चा, इस्लाम जिमखाना १८९२ चा, हिंदू जिमखाना १८९४ चा. स्पर्धाही त्याच वाटणीवर चालल्या. सुरुवातीला युरोपियन आणि पारशी यांच्यात प्रेसिडेन्सी सामने होत. १९०७ मध्ये हिंदू आल्यावर स्पर्धा तिरंगी झाली, १९१२ पासून मुसलमान संघासह चौरंगी आणि १९३७ पासून ‘इतरां’चा संघ घेऊन पंचरंगी. १९४६ मध्ये ती बंद पडली. मुंबईच्या खेळाडूचा शोध घेणाऱ्याला म्हणूनच जिमखान्यांची ही वाटणी तोंडपाठ हवी. पूर्वज कोणत्या संघात खेळू शकला असता आणि कोणत्या संघाचे दार त्याला बंद होते, हे त्यावरून आधीच कळते.

सामन्याची नोंद सापडल्यावर ती वाचायची कशी, हेही शिकावे लागते. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना हरवले. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. बेरीज ४०२ आणि २९३, फरक १०९. हिंदू १०९ धावांनी जिंकले असेच सगळीकडे लिहिलेले आहे, म्हणजे हा धावफलक विश्वासाचा. जुन्या वृत्तपत्रात जुळाऱ्याच्या हातून आकडा इकडचा तिकडे होणे नित्याचे असे, म्हणून प्रत्येक धावफलकाची अशी बेरीज करून पाहावी. फलंदाजांच्या धावा आणि अवांतर मिळून संघाची धावसंख्या होते का, गोलंदाजांच्या बळींत धावचीत मिळवून गडी पूर्ण भरतात का, हे दोन प्रश्न विचारले की चूक आपोआप वर येते. या सामन्यात बाळूंनी पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्या डावात पाच गडी बाद केले. शिवरामही याच संघात होते. मोसम लिहिण्याची पद्धतही ध्यानात ठेवावी. आपल्याकडे क्रिकेट हिवाळ्यात असल्यामुळे फेब्रुवारी १९०६ चा सामना सूचीत ‘१९०५-०६’ या मोसमाखाली लावलेला असतो. केवळ १९०६ खाली शोधणारा रिकाम्या हाताने परततो. गोलंदाजीचे आकडे वाचताना षटकही तपासावे. इंग्लंडात १८८८ पर्यंत षटक चार चेंडूंचे होते, १८८९ पासून पाच आणि १९०० पासून सहा चेंडूंचे झाले. विसाव्या शतकापूर्वीच्या षटकांची आजच्या षटकांशी थेट तुलना करता येत नाही.

‘प्रथम श्रेणी’ या दोन शब्दांशी तर नव्या शोधकाने सर्वांत आधी ओळख करून घ्यावी. एकाच खेळाडूचे दोन वेगवेगळे आकडे दिसले की एक खोटा असणार असे वाटते, पण बहुतेक वेळा दोन्ही खरे असतात. १९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ पहिल्यांदा विलायतेच्या दौऱ्यावर गेला. तो २३ सामने खेळला, त्यांतले १४ प्रथम श्रेणीचे. बाळूंनी या दौऱ्यात ११४ बळी घेतले असे एका ठिकाणी वाचायला मिळते, तर दुसऱ्या ठिकाणी ७५. पहिला आकडा सगळ्या सामन्यांचा आणि दुसरा फक्त प्रथम श्रेणीचा. संघाने सहा सामने जिंकले आणि पंधरा हरले. एवढ्या पराभवांत एका गोलंदाजाने शंभराहून अधिक बळी मिळवले, ही त्या दौऱ्यातली सर्वांत मोठी कामगिरी. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध १०३ धावांत ८ बळी ही त्यांची प्रथम श्रेणीतली सर्वोत्तम कामगिरी ठरली. सॉमरसेटविरुद्ध एक गडी राखून मिळालेल्या विजयात शिवराम यांचे नाबाद शतक होते.

बाळूंची प्रथम श्रेणीची सगळी कारकीर्द एका ओळीत मावते: १९०५-०६ ते १९२०-२१, ३३ सामने, ७५३ धावा, १७९ बळी, सरासरी १५.२१. या ओळीवर समाधान मानणारा शोधक फसतो. तिच्यात कारकिर्दीचा आरंभच नाही. १९०६ च्या त्या सामन्याच्या वेळी बाळू तिशीच्या उंबरठ्यावर होते, आणि त्याआधी दहा-बारा वर्षे ते गोलंदाजी करतच होते. पुण्यात आधी पारशी क्लबच्या मैदानाची देखभाल करताना आणि मग युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये महिना चार रुपयांवर काम करताना ते साहेबांना सरावासाठी चेंडू टाकत. कॅप्टन ग्रेग हे तिथले नामांकित फलंदाज. आपल्याला बाद केल्यावर ते दर वेळी बाळूंना आठ आणे देत, अशी आठवण सांगितली जाते. त्या जाळ्यात पडलेला एकही बळी कोणत्याही वहीत नाही. फलंदाजी तर त्यांना तिथे कधी मिळालीच नाही. बॅट धरणे हा साहेबांचा मान होता. ७५३ धावा पाहून ‘बाळूंना फलंदाजी जमत नव्हती’ असा निकाल देणाऱ्याने ही गोष्ट आधी वाचावी. साताऱ्यात युरोपियनांच्या जिमखान्याविरुद्ध त्यांनी सात गडी बाद केले. त्या विजयाने पुणे हलले आणि न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांचा गौरव केला. तो सामनाही प्रथम श्रेणीच्या तक्त्यात नाही. तक्ता उत्तम, पण खेळाडूच्या आयुष्याचा किती भाग तक्त्याबाहेर राहिला हे ज्याने त्याने मोजावे.

आणि काही गोष्टी तर कोणत्याच धावफलकात येऊ शकत नाहीत. पुण्याच्या हिंदू संघाने बाळूंना खेळायला घेतले ते त्यांच्या गोलंदाजीसाठी. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सगळे हाताळत, पण चहाच्या वेळी त्यांचा चहा बाहेर, मातीच्या पेल्यात दिला जाई. धावफलकात ‘चहापान’ एवढाच शब्द येतो. हिंदूंचे कर्णधारपद बाळूंना कधी दिले गेले नाही. १९२० मध्ये त्यांना संघातून वगळले आणि कर्णधार म्हणून एम. डी. पै यांची निवड झाली, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी आपली नावे मागे घेतली. पुढे तडजोड होऊन बाळू उपकर्णधार झाले, आणि पै काही वेळ मैदानाबाहेर गेल्याने तेवढ्यापुरते नेतृत्व बाळूंकडे आले. केवळ धावफलक पाहणाऱ्याला यातले अक्षरही दिसत नाही. तिथे कर्णधाराच्या नावाशी एक खूण असते, ती पैंच्या नावाशी आहे. न्याय व्हायला आणखी तीन वर्षे लागली. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि हिंदूंनी युरोपियनांना हरवले.

हा उलगडा करायचा तर धावफलक आणि वृत्तपत्र शेजारी ठेवून वाचावे लागतात. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे १८३८ पासूनचे अंक संगणकीय संग्रहात आहेत आणि अनेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांत ते पाहता येतात. पण त्या काळातले हे वृत्तपत्र युरोपियनांच्या नजरेने पाहत असे. त्याच सामन्याबद्दल ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने किंवा ‘केसरी’ने काय लिहिले हे पाहिल्याखेरीज निष्कर्ष काढू नये. १८६४ पासून निघणारे ‘विस्डेन’ १९११ सारख्या दौऱ्यासाठी उपयोगी, पण मुंबईच्या मैदानांवरच्या सामन्यांसाठी नाही. जुने मराठी नियतकालिक हवे असेल तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. रत्नागिरीतही १८२८ पासूनचे जिल्हा नगर वाचनालय आहे, आणि जिल्ह्यातल्या माणसाने आपला शोध तिथून सुरू करणे केव्हाही सोयीचे. पालवणकरांबद्दल सर्वांत मोलाचा कागद मात्र वृत्तपत्रवाल्यांनी लिहिलेला नाही, तो घरच्याच माणसाने लिहिला. विठ्ठल पालवणकरांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र १९४८ मध्ये मराठीत प्रसिद्ध केले. रामचंद्र गुहांनी २००२ मध्ये ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’ या ग्रंथात आणि प्रशांत किदंबी यांनी २०१९ मध्ये ‘क्रिकेट कंट्री’ या १९११ च्या दौऱ्यावरच्या ग्रंथात या भावांना जगापुढे ठेवले. त्या मराठी आत्मचरित्राशिवाय हे चित्र कितीतरी फिके राहिले असते. एका खेळाडूने म्हातारपणी लेखणी हातात घेतली म्हणून हे शक्य झाले.

खेळाडूचा माग खेळाच्या बाहेरही लागतो. बाळू पालवणकरांचे नाव १९३२ च्या पुणे करारावरील सह्यांत आहे. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. ४ जुलै १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. निवडणुकांचे निकाल, रेल्वे आणि गिरण्यांच्या नोकरीचे कागद, पलटणीच्या पेन्शनचे पुस्तक, सत्काराची मानपत्रे हे सगळे सामन्यांच्या नोंदींइतकेच बोलके असतात. बाळूंना रेल्वेत नोकरी मिळाली तीही गोलंदाजीमुळेच. त्या काळात रेल्वे, बँका आणि गिरण्या आपले संघ बांधण्यासाठी खेळाडूंना नोकरीवर घेत. मुंबईत कंपन्यांच्या संघांसाठी टाइम्स ढाल ही स्पर्धा होती, शाळांसाठी हॅरिस आणि जाइल्स ढाली होत्या, आणि १९४८ पासून पावसाळ्यात कांगा लीग सुरू झाली. आजोबा ‘मुंबईत खेळायचे’ एवढेच घरात सांगितले जात असेल, तर त्यांची नोकरी कुठे होती हे आधी विचारावे. संघ तिथूनच सापडण्याचा संभव जास्त.

रत्नागिरीकडच्या बहुतेक घरांतला खेळाडू अर्थात क्रिकेटचा नव्हता, तो हुतूतूचा, म्हणजे आजच्या कबड्डीचा होता. या खेळाच्या नोंदी फार विरळ आहेत आणि त्याचे कारण खेळातच आहे. हुतूतूला धावफलकासारखी वही नव्हती. संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या नियमांनी खेळले जात. संजीवनीत बाद झालेला गडी, प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की पुन्हा जिवंत होऊन मैदानात येई. गामिनीत बाद झालेला बाहेरच राही, आख्खा संघ बाद होईपर्यंत. अमर प्रकारात बाद झालेला मैदान सोडतच नसे, फक्त प्रतिपक्षाचा गुण मांडला जाई. जुन्या कात्रणात ‘अमुक संघ अमुक गुणांनी जिंकला’ असे वाचले तर सामना कोणत्या प्रकाराने खेळला गेला हे आधी ठरवावे, नाहीतर गुणांचा अर्थच लागत नाही. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाल्यानंतर नियम आणि नोंदी एका वाटेवर आल्या. त्यापूर्वीचा शोध घ्यायचा तो क्रीडा मंडळांच्या वार्षिक अहवालांत, सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांत, स्पर्धेच्या हस्तपत्रकांत आणि गिरणगावातल्या वृत्तपत्रांच्या शेवटच्या पानावर. ढाली आणि चषकांवर कोरलेली नावेही वाचावीत. ती बहुधा संघाची असतात, पण सोबतचे साल खेळाडूच्या उमेदीच्या वर्षांशी जुळवून पाहता येते.

या सगळ्यांत सर्वांत लवकर नष्ट होणारा पुरावा म्हणजे संघाचे छायाचित्र. भिंतीवर लटकलेल्या चौकटीत अकरा-बारा तरुण, मध्ये ढाल, खाली मंडळाचे नाव आणि साल, असे छायाचित्र कोकणातल्या कित्येक घरांत आहे. माणसांची नावे मात्र त्यावर नसतात, ती एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या स्मरणात असतात. ज्यांच्या घरी असे छायाचित्र असेल त्यांनी ते चौकटीतून काढून दोन्ही बाजूंनी स्कॅन करावे, ओळखता येणारा माणूस हयात आहे तोवर डावीकडून उजवीकडे सगळी नावे लिहून घ्यावीत, मागच्या बाजूला ती पेन्सिलने नोंदवावीत, आणि एक प्रत गावच्या किंवा जिल्ह्याच्या वाचनालयाला द्यावी.